पाणी, शिळं, लई शिळं

चित्रालेख हा पाचवीच्या गणितातला सगळ्यात सोपा धडा. तरी दरवर्षी तो आला की माझं डोकं फिरायचं. पुस्तकात सफरचंदं असतात, फुगे असतात, मोटारी असतात. एक चित्र म्हणजे दहा मोटारी, तर पाच चित्रं म्हणजे किती? मुलं चित्रं मोजतात, दहाने गुणतात, उत्तर बरोबर येतं आणि पुढच्या तासाला विसरलेलंही असतं. आमची शाळा भवानी पेठेच्या अंगाला. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात तेलुगू, काहींच्या घरात दखनी, आणि उरलेली मोडनिंब, माढा, मोहोळकडून पोटासाठी शहरात आलेल्यांची. कुणाच्या दारात मोटार नाही, आणि घरात सफरचंद आलंच तर कुणीतरी आजारी पडलेलं असतं. असल्या मुलांना मी मोटारी मोजायला लावत होते.

त्या वर्षी ठरवलं, पुस्तक मिटून ठेवायचं आणि ही मुलं घरी कशाचा हिशेब ठेवतात ते घ्यायचं. शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्याकडे तेव्हा नळाला चार दिवसांआड पाणी यायचं. दोन सोलापूरकर रस्त्यात भेटले की तब्येतीच्या आधी पाण्याची चौकशी करतात. मी मुलांना सांगितलं, आठवडाभर घरात रोज किती घागरी पाणी वापरलं ते बघून या. सोमवार ते शनिवार, प्रत्येक वारापुढे तेवढ्या घागरी काढायच्या. एक चित्र म्हणजे दोन घागरी.

पहिलं भांडण अर्ध्या घागरीवरून झालं. कुणाच्या घरी पाच घागरी वापरल्या, म्हणजे अडीच चित्रं. पुस्तकात अर्धं सफरचंद उभं कापलेलं असतं, तशी मी फळ्यावर घागर उभी कापून दाखवली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, उभी कापली तर पाणी सांडंल की!"

"चित्र आहे ते," मी म्हणाले.

"चित्र असलं म्हणून काय झालं?" दुसरा म्हणाला.

पाच-सहा जण एकदम बोलायला लागले. दखनी बोलणारा एक पोरगा तर उठून फळ्याजवळ आला आणि खांद्यावरच्या अदृश्य घागरीतून पाणी सांडल्यासारखं करून दाखवू लागला. शेवटी मी हार मानली. आमच्या वर्गात अर्धी घागर आडवी कापली जाऊ लागली, खालचा भाग भरलेला आणि वरचा मोकळा. आता मुलांच्या वहीत ते चित्र बघून एखादे साहेब तपासणीला आल्यावर काय म्हणतील याची मला धास्ती होती. पण मुलांचं बरोबर होतं, त्याला काय करणार.

आठवड्याने सगळ्यांचे चित्रालेख आले आणि माझा पचका झाला. एकाचा बुधवार उंच, दुसऱ्याचा शुक्रवार, तिसऱ्याचे दोन वार उंच. प्रत्येक टाकीचं पाणी वेगळ्या दिवशी सुटतं, आणि पाचव्या दिवशी येणाऱ्या पाण्याला सोमवार-मंगळवार काय ठाऊक? मी फळ्यासमोर उभी राहून विचारलं, या आलेखांतून काय कळतं? मुलं म्हणाली, काही कळत नाही बाई. खरंच काही कळत नव्हतं. मी चिडले होते, मुलांवर नाही, स्वतःच्या हुशारीवर.

तेव्हा ती उठली. तिसऱ्या बाकावरची मुलगी, बारीक, बोलायला कमी. उभी राहायची तेव्हा डावी कंबर जरा बाहेर काढून उभी राहायची, जणू तिथे घागर आहेच. मी दोनतीनदा 'नीट उभी राहा' म्हणून ओरडलेही होते. तिने स्वतःहून दुसरा चित्रालेख काढून आणला होता. त्यात वार नव्हते. खाली पाच शब्द लिहिले होते: पाणी, शिळं, लई शिळं, तळ, वाट.

पाणी आलं तो पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी ते शिळं. तिसऱ्या दिवशी लई शिळं. चौथ्या दिवशी भांड्यांचा तळ दिसायला लागतो. पाचव्या दिवशी नुसती वाट. आणि त्या पाच शब्दांवर तिच्या घागरी उभ्या होत्या, पहिल्या रांगेत डोंगराएवढ्या, मग उतरत उतरत शेवटी एक, ती पण आडवी अर्धी.

मी म्हणाले, "हा आठवडा कुठला गं?"

"पाण्याचा, बाई."

मग सगळ्या वर्गाने वार खोडले आणि तिचे पाच शब्द घेतले. पुन्हा सगळ्यांनी काढलं, आणि काय सांगू, प्रत्येकाच्या वहीत तोच उतार दिसायला लागला. आता मी विचारलं, यातून काय कळतं, तर वर्गात हात मावेनात. पाण्याच्या दिवशी आई धुणं काढते. तळाच्या दिवशी पाहुणे आले की आईचं तोंड वाकडं होतं. एकाच्या घरी उतार नव्हताच, सगळे दिवस सारखे. बाकीच्यांनी आलेख बघूनच सांगितलं, "ह्येच्या घरी बोअर हाय!" तो पोरगा लाजला, चोरी पकडल्यासारखा. आलेखाचं वाचन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? इतक्या वर्षांत इतका आनंदाचा तास मी घेतला नव्हता. हे मी आता लिहितेय ते सुद्धा जड जातं, कारण पुढे काय झालं ते मला माहीत आहे.

तिची आणि माझी एक छोटी ओळख तेव्हा झाली. तिच्या गल्लीला आणि आमच्या इमारतीला एकाच टाकीवरून पाणी सुटतं हे त्या आलेखांवरून समजलं. तेव्हापासून ती सकाळी वर्गात शिरताना मला हळूच सांगायची, "बाई, आज आपलं शिळं." मी म्हणायची, "हो गं, आपलं शिळं." पाण्याच्या दिवशी मात्र सांगायला ती नसायची, कारण पाण्याच्या दिवशी ती शाळेतच नसायची.

हे माझ्या ध्यानात आलं ते मैदानावर. पुढच्या आठवड्यात मी मुलांचाच आलेख केला. चित्रं, खडू काही नाही, मुलांनीच उभं राहायचं. जमिनीवर काठीने चार चौकोन काढले, त्यात लिहिलं: आई, मी, आजी, बाबा. प्रश्न एकच, तुमच्या घरी पाणी कोण भरतं? ज्याच्या घरी जो भरतो त्याच्या मागे रांग धरायची. मुलं पळाली. 'आई'च्या मागे मोठी रांग लागली. 'मी'च्या मागे त्याहून मोठी, आणि त्यात जवळपास सगळ्या मुली. पोरं त्यात दोनतीन, ती पण घरात मुलगी नाही म्हणून. 'बाबा'च्या चौकोनात एकटा एक पोरगा छाती काढून उभा होता. त्याच्याच गल्लीतली एक मुलगी ओरडली, "बाई, ह्याचे बाबा नुसती मोटर चालू करत्यात!" तोही हसत हसत 'आई'च्या रांगेत गेला आणि बाबांचा चौकोन मोकळाच राहिला.

"बाई, तुमी पन उभ्या रावा की," मुलं म्हणाली.

मी टाळायला बघितलं. ती ऐकेनात. मग मी गेले आणि 'आजी'च्या रांगेत उभी राहिले. आमच्याकडे पाणी माझ्या सासूबाई भरतात. मी शाळेत असते, नवरा नोकरीसाठी लातूरला. सासूबाईंना पाणी भरायला दुसरं कुणी आलेलं खपतही नाही. मुलांना माझी फार मजा वाटली, एवढी मोठी बाई आजीच्या रांगेत, लहान पोरांच्या मागे. मीही हसले. 'मी'च्या रांगेत सगळ्यात पुढे ती मुलगी होती, आणि ती पण हसत होती.

मग मी विचारलं, पाण्याच्या दिवशी शाळा कोण बुडवतं? त्यांनी हात वर करावेत. 'मी'ची रांग जवळपास सगळी हात वर करून उभी राहिली. हसू तिथेच थांबलं, निदान माझं.

तिचं घर दोन मजली चाळवजा इमारतीत वरच्या खोलीत. नळ खाली अंगणात, सगळ्यांचा मिळून एक. वडील पुण्याला एका कंपनीत, सणाला येतात. आई एका यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती रिकामी झाली की माग थांबतो, म्हणून कांड्या भरणारीला पटकन सुट्टी मिळत नाही. पाण्याच्या दिवशी आई अर्धा दिवस उशिरा जायची आणि मायलेकी दोघी लागायच्या, एक खाली नळाला, एक जिन्याने वर. एकटीने होत नाही. नळ सोडून वर गेलात तर खाली तुमची घागर बाजूला सरकलेली असते. त्यात धाकटा भाऊ चालायला लागलेला, त्याला पायाने अडवून ठेवायचं. हे सगळं मला तिच्या आईने सांगितलं, आणि सांगताना तिने तक्रारीचा सूर लावला नाही.

मी गेले होते ते परीक्षेचं विचारायला. जिल्ह्यात एक निवासी शाळा आहे. पाचवीच्या मुलांची परीक्षा घेतात, निवडलेल्यांना सहावीपासून तिथे राहणं, जेवण, शिकणं सगळं फुकट. पाचवीतच बसता येतं, पुढे कधी नाही. दरवर्षी मी चारपाच मुलांची तयारी करून घेते, एखादाच लागतो, कधी तोही नाही. पण या मुलीबद्दल मला खात्री होती. खात्री हा शब्द मी सहसा वापरत नाही. पन्नासेक मुलांच्या वर्गात ज्या मुलीने मला माझ्याच धड्याचा आठवडा बदलायला लावला ती लागणार नाही तर कोण लागणार?

तिला मी त्या शाळेबद्दल सगळं सांगितलं होतं, ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळाचं मैदान. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तितं पाणी रोज येतं का, बाई?"

"येतं म्हणजे काय, बोअर आहे, मोठी टाकी आहे. नळ सोडला की पाणी."

"मग पोरी काय करत्यात दिवसभर?"

"अभ्यास."

"दिवसभर?" असं म्हणून ती इतकी हरखली की मला हसू आलं. अभ्यासाला हरखणारी मुलगी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

तिची आई मला वाटली होती तशी निघाली नाही. मी तयारी करून गेले होते, पोरगी गेली तर पाण्याला कोण, धाकट्याला कोण, असं ती म्हणेल आणि मी असं म्हणेन. तिने मला चहा दिला आणि म्हणाली, "घिऊन जावा की बाई. माजी भन येती म्हंती मोडनिंबाहून, ती ऱ्हाईल हितं. मी लई वर्सं घागरी वाहिल्या, हिनं कशाला वाहाव्यात?" मग म्हणाली, "फकस्त परीक्षेचा दिस पाण्याचा नसावा. त्या दिवशी मला न्हाय जमायचं. भन काय एवढ्यात येत न्हाय."

मुलीने लगेच कॅलेंडर भिंतीवरून काढलं. पाण्याच्या दिवसावर बोट ठेवून पाच-पाच घरं पुढे गेली, महिना उलटला, पुन्हा पाच-पाच. परीक्षा शनिवारी होती. तिचं बोट गुरुवारवर थांबलं, मग एक घर, दोन घरं, आणि ती ओरडलीच.

"बाई, परीक्षा लई शिळ्यावर येती!"

तिची आई हसली. मी हसले. तो धाकटाही टाळ्या वाजवायला लागला, काही न कळता. लई शिळं म्हणजे मधला दिवस, भांडी अजून निम्मी भरलेली, नळाकडे बघायचंही काम नाही. याहून चांगला दिवस सापडला नसता. मी मोठ्या रुबाबात म्हणाले, "बघा, आलेखाचा हाच उपयोग. मागचं नीट मांडलं की पुढचं सांगता येतं." हे वाक्य मी वर्गात दहा वेळा बोलले होते. त्या घरात बोलले ते मात्र कायमचं लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना कळलं होतं. मुलांनी तिला चिडवायला नवीनच नाव काढलं, 'लई शिळी'. ती चिडायची नाही. नवीन कंपास, नवीन पट्टी काही नव्हतं, पण वर्गातल्या एकीने आपली दोन पेनं तिला दिली. शाळा सुटल्यावर मी परीक्षेला बसणाऱ्या पाच जणांना तासभर थांबवायची. पाण्याच्या दिवशी ती येऊ शकायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायची. कालचं आज भरायची तिला सवयच होती.

परीक्षेच्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी इमारतीच्या ग्रुपवर मेसेज आला. वरची मोठी लाइन फुटली आहे, दुरुस्ती चालू आहे, आपलं उद्याचं पाणी दोन दिवस उशिरा येईल. असे मेसेज आमच्याकडे नेहमीचेच. कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणी रडक्या तोंडाचं. मी पण एक टाकलं. मग स्वयंपाकघरात उरलेलं पाणी बघायला गेले आणि तिथेच बोटांवर दिवस मोजले. गुरुवारचं पाणी दोन दिवस पुढे, म्हणजे शनिवार.

शुक्रवारी ती शाळेत आली. दारातून आत येताना म्हणाली नाही, आज आपलं काय. काय म्हणणार? 'वाट'च्या पुढच्या दिवसाला तिच्याकडे शब्दच नव्हता. मी तिला म्हणाले, घाबरू नकोस, काहीतरी करू. आणि मग मुख्याध्यापकांकडे गेले. त्या परीक्षेला मला पर्यवेक्षणाचं काम लागलं होतं, ते बदलून मिळतं का विचारलं. सर म्हणाले, वरून यादी येते, आदल्या दिवशी कसं बदलणार? चांगला माणूस, पण यादीपुढे तेही काय करणार? मी म्हणणार होते की मला पाणी भरायला जायचं आहे, पण ते तोंडातून निघालं नाही. सुट्टीचं कारण म्हणून ते कुणी धरलं असतं का, कुणास ठाऊक.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. जिन्यात रिकामी भांडी लावून ठेवलेली, खालपासून वरपर्यंत. आई म्हणाली, "पानी सोडनाऱ्या चावीवाल्याला इचारलं बाई. म्हनला, उद्या पहाटंच सोडतो. पहाटं आलं तर काय प्रश्नच न्हाय, भरून हुईल, नऊला धाडते तिला." मुलीने मान हलवली. माझाही जीव भांड्यात पडला. परीक्षा अकराला. पहाटे पाणी आलं तर सगळं आटोपून ती आरामात पोचली असती. मी म्हणाले, येताना रिक्षा करा, पैसे मी देते. आई म्हणाली, "त्येचं काय न्हाय. फकस्त पानी येऊ द्या."

शनिवारी पहाटे मी उठून नळ उघडला. नुसती हवा. सहाला उघडला, हवा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आल्याशिवाय राहतं का ते? जा तू आवर." मी आवरलं आणि केंद्रावर गेले.

केंद्राच्या फाटकावर मुलांची, आईबापांची जत्रा होती. आमच्या शाळेतले चौघे आले होते, तेल लावून, भांग पाडून. ती नव्हती. दहा वाजले. मुलांना आत सोडायला लागले. माझी खोली वेगळी होती, तिचा नंबर शेजारच्या खोलीत होता. बाकावर खडूने लिहिलेला नंबर दारातून दिसत होता. मला तेव्हाही वाटत होतं, येईल. पहाटे कदाचित तिच्या गल्लीला आलंही असेल, आमच्या इमारतीला चढायला उशीर लागतो. एक रिक्षा थांबली की मी मान वळवायची.

पर्यवेक्षकांनी मोबाइल कार्यालयात जमा करायचे असतात. मी रांगेत उभी होते, पिशवीत मोबाइल टाकणार, तेवढ्यात वाजला. सासूबाई होत्या.

"पाणी आलं गं!" त्या ओरडून बोलत होत्या, मागे बादलीत धार पडत होती. "लई जोरात हाय आज. सगळं भरून घेते, तू काळजी करू नको."

बाकी कुठल्याही दिवशी यापेक्षा चांगली बातमी आमच्या घरात नसते. मी "बरं" म्हणाले आणि मोबाइल पिशवीत टाकला. माझ्यामागचे गुरुजी म्हणाले, "काय बाई, पाणी आलं वाटतं? नशीबवान आहात."

त्या वेळी मला सुचलं. आमच्या वर्गात नवी पेठेकडच्या दुसऱ्या टाकीवरची किती मुलं होती. त्यांचा तो पाण्याचा दिवस नव्हता. त्यांच्यातल्या एखाद्या आईला सांगितलं असतं तर ती दोन तास तिथे जाऊन उभी राहिली असती. आलेख माझ्या वर्गाच्या भिंतीवर होता, कुठल्या टाकीचा कोणता दिवस हे रंगीत खडूने मीच लिहिलेलं होतं. मी तिच्या शेजाऱ्यांचा विचार केला, आणि शेजारी तर सगळे त्याच नळाला. बाहेरच्या टाकीचा विचार केंद्राच्या दारात आला, जेव्हा हातातला मोबाइलही गेला होता.

घंटा झाली. प्रश्नपत्रिका वाटल्या. गणिताच्या पानावर एक चित्रालेख होता, पाच गावांत किती झाडं लावली त्याचा. एक चित्र म्हणजे शंभर झाडं, आणि एका गावापुढे अर्धं झाड, उभं कापलेलं. मला तिथे, सगळ्या मुलांसमोर, डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतल्या बाई दारात येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या शाळेची एक गैरहजर आहे हो." मी म्हणाले, "हो, माहीत आहे."

दुपारी घरी आले तर सासूबाईंनी एकही भांडं रिकामं ठेवलेलं नव्हतं. पिंप, बादल्या, घागरी, अगदी वाट्याही. त्या थकल्या होत्या पण खूश होत्या. मी हातपाय धुतले. पाणी ताजं होतं, गार होतं. मला ते डोळ्यांना लावावंसं वाटेना.

सोमवारी ती शाळेत आली. मी सकाळपासून काय बोलायचं ते ठरवत होते. पुढे दुसऱ्या परीक्षा असतात, शिष्यवृत्त्या असतात, हुशार माणसाचं कुठे अडत नाही, असलं सगळं. मोठी माणसं लहानांना सांगतात आणि स्वतःही विश्वास ठेवत नाहीत, तसलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा रागावलेली असेल. माझ्यावरही रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

ती नेहमीसारखी आत आली, डावी कंबर जरा बाहेर काढून माझ्या टेबलाजवळ उभी राहिली. "बाई, आज आपलं लई शिळं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

"आमची समदी भांडी भरली. आई नळाला, मी वर. दोन वाजेपतुर पानी हुतं." मग तिने विचारलं, "बाई, तुमच्याकडं कुनी भरलं? आजींनी?"

"हो, आजींनीच."

"बरं झालं," ती म्हणाली. "न्हायतर तुमाला पन परीक्षेला जाता आलं नसतं."

आणि ती जाऊन तिसऱ्या बाकावर बसली.